श्रीसंत बहिणाबाईंचा संसार

इमारतीचा अभंग ज्याला येत नाही असा वारकरी विरळा. भागवतधर्माचे मंदिर कोणी कसे उभारले हे सांगणारा तो अभंग बहिणाबाईंचा, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या माउलीच्या घरात काय घडत होते, असे कुणी विचारले तर आपण गप्प. काहींना तर खानदेशच्या बहिणाबाई चौधरीच आठवतात! त्या निराळ्या, अगदी अलीकडच्या. आम्ही बोलतो आहोत ते तुकोबारायांच्या शिष्येविषयी.

वेरूळजवळच्या देवगावी आऊदेव कुलकर्णी आणि जानकीबाई यांच्या पोटी शके १५५० (सन १६२८) मध्ये त्यांचा जन्म झाला. खेळायच्या वयात लग्न लागले, तेही तिशीच्या बिजवराशी. गंगाधर पाठक हे वेदपाठी भिक्षुक. पुढे भाऊबंदकी आणि कर्ज यांपायी सगळ्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे फिरत फिरत मंडळी कोल्हापुरास पोचली. पोर तेव्हा अकरा वर्षांची.

तिथे त्यांना एक सवत्स गाय दान मिळाली. वासराला या पोरीचा असा काही लळा लागला की, ती पाण्याला निघाली की ते मागे, पुराणाला निघाली की ते मागे. जयरामस्वामींच्या कीर्तनातही ते तिच्याजवळ उभे राहिले. गर्दीत अडचण नको म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले, तर ते हंबरू लागले आणि इकडे पोरही रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

झाले! गावभर चर्चा सुरू झाली. ती गंगाधरपंतांच्या कानी गेली. त्यांनी बायकोला वेणी धरून घरी आणले आणि बांधून मारले. गायवासराने चारापाणी सोडले. थोड्याच दिवसांत वासरू गेले.

आम्हांला येथे थांबावेसे वाटते. पंतांना राग कशाचा आला? बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात तो लपवलेला नाही. लोक बायकोला नमस्कार करायला येणार आणि वेद म्हणणाऱ्या नवऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही, हे त्यांचे दुखणे होते. दारिद्र्य माणूस सोसतो हो, पण घरातल्या धाकट्याचा मोठेपणा सोसवत नाही. हा राग काही एकट्या पंतांचा नव्हे. सुनेच्या गळ्याची वाहवा झाली की कपाळाला आठी घालणारी घरे आपणही पाहिली आहेत.

वासरू गेल्यावर बहिणाबाई बेशुद्ध पडल्या. त्यानंतर कार्तिक वद्य पंचमी, शके १५६२ (सन १६४०) या दिवशी स्वप्नात तुकोबारायांनी त्यांना मंत्र दिला. ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याला गुरू करावे! पंतांचा संताप आणखी भडकला. तिला माहेरच्यांपाशी टाकून आपण तीर्थयात्रेला निघून जायचे, असे त्यांनी ठरवले. पण निघायच्या वेळीच त्यांना मोठे दुखणे आले. उशाशी रात्रंदिवस बसली कोण? मार खाल्लेली तीच.

मार तो मारच. त्याला देवाचा प्रसाद म्हणणाऱ्या कीर्तनकाराशी आमचे भांडण आहे. बहिणाबाईंनी पतिव्रताधर्मावर अभंग रचले, तेही वाचताना आज आम्ही अडखळतो. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पतीची सेवा त्यांनी केली, मात्र पतीला आवडत नाही म्हणून विठोबाला किंवा तुकोबांना सोडले नाही. आणि विठोबा मिळाला म्हणून पतीचा द्वेषही धरला नाही. दोन्हींत सोपे होते ते एकही त्यांनी केले नाही.

त्या दुखण्यातून पंत उठले ते निराळेच होऊन. ज्याचे नाव ऐकवत नव्हते त्या तुकोबांच्या दर्शनाला ते स्वतः बायकोला घेऊन देहूस गेले. तिथे मंबाजी गोसावी आडवा आला. आपला शिष्य व्हा म्हणाला. हे ऐकेनात तेव्हा त्याने यांच्या गाईला मारले. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे सांगतात. यावेळी मात्र पंत बायकोच्या बाजूने उभे होते.

देहूच्या वास्तव्यात त्यांना काशी ही मुलगी झाली, पुढे विठोबा हा मुलगा. शके १६२२ (सन १७००) मध्ये बहात्तराव्या वर्षी बहिणाबाईंनी देह ठेवला. शेवटच्या दिवसांत या विठोबालाच त्यांनी आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीगत सांगितली. मराठवाड्यात वैजापूरजवळ शिऊरला त्यांची समाधी आहे. पैठणला नाथषष्ठीला जाणाऱ्या मंडळींनी वाट थोडी वाकडी करून एकदा तिथे जाऊन यावे.