रामानुजन यांची पाटी

उर्दूत आपण गणिताला 'रियाजी' म्हणतो. मराठीत गवयाच्या रोजच्या सरावाला 'रियाज' म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. शाळा सुटल्यावर रोज गणिताचा रियाज करणाऱ्या एका मुलाची ही हकिकत आहे.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळनाडूतील इरोड येथे, आजोळी झाला. त्यांचे बालपण कुंभकोणम या गावी गेले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. पगार अपुरा पडे, म्हणून आई घरात कॉलेजच्या मुलांना राहायला ठेवी. या मुलांमुळे रामानुजन यांना मोठ्या वर्गाची गणिताची पुस्तके मिळाली. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्यांनी तेराव्या वर्षापर्यंत आत्मसात केले. नुसते वाचून नव्हे, तर उदाहरणे स्वतः सोडवून!

१९०३ साली त्यांच्या हाती कार यांचा ग्रंथ आला. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे होती. सिद्धता मात्र फार थोड्या. दुसरा एखादा मुलगा कंटाळला असता. रामानुजन एकेक सूत्र घेऊन ते खरे का, हे स्वतः शोधू लागले.

घराच्या ओट्यावर मांडी घालून, मांडीवर पाटी घेऊन ते तासन्‌तास बसत. कागद महाग होता. म्हणून आकडेमोड पाटीवर करायची, उत्तर तेवढे वहीत उतरवायचे आणि पाटी पुसून पुढे जायचे. फडके शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून ते कोपरानेच पाटी पुसत. त्यामुळे त्यांचे कोपर काळे आणि खरखरीत झाले होते.

या नादाची त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. १९०४ साली कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. पण इतर विषयांचा अभ्यास त्यांनी सोडूनच दिला. इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या कॉलेजातही हेच घडले. पदवी नाही, नोकरी नाही; अशी काही वर्षे त्यांनी फार हलाखीत काढली. पोटाला चिमटा बसत असतानाही वही भरतच होती. इतर विषयांच्या बाबतीत त्यांचे अनुकरण करा, असे मी तुम्हांला सांगणार नाही.

१९१२ साली मद्रास बंदराच्या कचेरीत तीस रुपयांवर त्यांना कारकुनी मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी केंब्रिजचे प्राध्यापक हार्डी यांना आपली सूत्रे पत्राने पाठवली. हार्डी थक्क झाले. पण त्यांनी सिद्धता मागितल्या. त्या तर पाटीवरून केव्हाच पुसल्या गेल्या होत्या! काही सूत्रे चुकीचीही निघाली. पायऱ्या का लिहायच्या, असे तुम्ही वर्गात विचारता तेव्हा मला हाच प्रसंग आठवतो.

१९१४ साली रामानुजन इंग्लंडला गेले. तेथे हार्डी यांच्याबरोबर काम करताना ते सिद्धता रीतसर मांडू लागले. १९१८ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परंतु प्रकृती ढासळली. मायदेशी परतल्यावर २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वह्यांत तीन हजारांहून अधिक सूत्रे होती. अमेरिकेतील गणितज्ञ ब्रूस बर्न्ट यांनी त्यांच्या सिद्धता जमवण्यास १९७७ साली सुरुवात केली. त्यांचा पाचवा आणि शेवटचा खंड १९९८ साली प्रसिद्ध झाला.