वलींच्या घराला पाटी लावायची तर कुठे?

छत्रपती संभाजीनगर : मोठा माणूस ज्या घरात राहिला त्या घरावर पाटी लावायची रीत बऱ्याच शहरांत आहे. नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल, एवढंच लिहिलेलं असतं. जाणारा-येणारा दोन मिनिटं थांबतो, वाचतो, पुढे जातो. पण या शहराची बोली ज्यांनी थेट दिल्ली दरबारापर्यंत नेली, त्या कवी वली दख्खनी यांचं घर कोणत्या गल्लीत होतं, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

वली मोहम्मद वली यांचा जन्म १६६७ चा मानतात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि त्याआधी खडकी. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तेव्हा वली सात वर्षांचे होते. पुढे १६८२ च्या सुमारास औरंगजेब बादशहा दख्खनेत उतरला. शहराला तटबंदी झाली, दरवाजे उभे राहिले, फौजफाटा आणि व्यापारी आले. अशा गजबजलेल्या शहरात हा कवी वाढला.

त्या काळी मान फारसीला होता. दरबारात फारसी, कागदपत्रात फारसी आणि कवितेतही फारसीच. बाजारात आणि घरात मात्र लोक दख्खनी बोलायचे. १३२७ मध्ये मोहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीकडून आलेल्या लोकांनी आपली बोली सोबत आणली. इथे ती मराठीच्या शेजारी राहिली आणि मराठीसारखीच वळली. आपला 'नको' तिच्यात 'नक्को' झाला. जोर देऊन सांगताना आपण शब्दाला 'च' लावतो, तो 'च'ही तिने उचलला. वैजापूर, पैठण, खुलताबादच्या आठवडी बाजारात ही बोली आजही कानावर पडते. तिच्यात कविता करणारे वलींच्या आधीही होते, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारात तिला मानही होता. उत्तरेत मात्र तिला कोणी फारसं विचारत नव्हतं.

वलींना एका जागी बसणं जमलं नाही. शिक्षणासाठी ते अहमदाबादला गेले असं सांगतात. सुरत शहरावर त्यांनी मोठी कविता लिहिली. गुजरात सोडताना जीव किती तुटला, तेही लिहून ठेवलं. म्हणूनच गुजरातचे लोक त्यांना वली गुजराती म्हणतात आणि आपल्याकडे ते वली औरंगाबादी. बाकीचा देश त्यांना वली दख्खनी म्हणून ओळखतो.

१७०० साली मित्र अबुल मआली यांच्यासोबत ते दिल्लीला पोचले. तिथले कवी फारसीतच नाव कमवायला धडपडत होते. दख्खनेतून आलेल्या माणसाची गझल लोकांच्या बोलीत असूनही फारसीच्या तोडीची आहे, हे पाहून ते चकित झाले. शाह सादुल्ला गुलशन या बुजुर्ग कवीने त्यांना फारसी कवितेतले विषय आपल्या बोलीत आणायचा सल्ला दिला, अशी आठवण सांगतात. साधारण १७२० मध्ये वलींचा काव्यसंग्रह म्हणजे दिवान दिल्लीत आला आणि तरुण कवींनी तो डोक्यावर घेतला. आपल्या बोलीतही मोठी कविता होते, ही हिंमत त्यांना त्यातून मिळाली. पुढे मीर आणि गालिब ज्या वाटेने चालले, ती वाट अशी मोठी झाली. वलींच्या नावावर साडेचारशेहून जास्त गझला आहेत. शंभर वर्षांनंतर गार्सां द तासी या फ्रेंच पंडिताने त्यांचा दिवान पॅरिसमध्ये छापला. हा पंडित कधी भारतात आलाही नव्हता.

वलींचा मृत्यू अहमदाबादला झाला. साल १७०७ चं मानतात. त्याच साली औरंगजेबही नगरला वारला. वलींची कबर अहमदाबादच्या शाहीबागेत, पोलीस आयुक्त कार्यालयासमोर होती. २००२ च्या दंगलीत, मार्चच्या सुरुवातीला, ती पाडली गेली. काही दिवसांतच त्या जागेवर डांबरी रस्ता झाला आणि त्यावरून गाड्या धावू लागल्या. देशभरातल्या लेखक-कवींना याचा धक्का बसला.

म्हणजे जन्माचं घर सापडत नाही आणि शेवटची जागाही राहिली नाही. अशा माणसाची पाटी लावायची तर ती घरावरच हवी असं काही नाही. आपल्या शहरात दिल्ली दरवाजा अजून उभा आहे. फुलंब्री, सिल्लोडकडची माणसं हर्सूलमार्गे शहरात येतात ती याच बाजूने. वली दिल्लीला निघाले तेव्हाही हा दरवाजा इथे होता. त्याच्या जवळ मराठीत आणि उर्दूत चार ओळी लिहिल्या तरी पुरे : वली दख्खनी, कवी, जन्म याच शहरात, लोकांची बोली दिल्लीला नेली. गावाकडून येणाऱ्या शाळकरी पोराला एवढं वाचून कळेल, की आपल्या बाजारातली बोली कमीपणाची नाही.