मातीला बोलते करणारा अभियंता : कार्ल टर्झागी



आपल्या पेडणे तालुक्यातून कोकण रेल्वेने मडुऱ्याकडे जाताना एक बोगदा लागतो. त्याची लांबी सुमारे दीड किलोमीटर. रोहा ते मंगळूर या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गावर याच्याहून कितीतरी लांब बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. तरीसुद्धा या मार्गाचे काम अगदी शेवटपर्यंत रखडवले ते आपल्या पेडण्याच्या बोगद्याने. करबुड्याला कठीण खडक होता, तो सुरुंगाने फोडता आला. पेडण्याला होती पाण्याने भिजलेली मऊ माती. पुढे खणावे तर वरून ढासळावे, असे वर्षानुवर्षे चालले. अखेर काम पुरे झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. पण ही माती अजूनही आपला स्वभाव दाखवते. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून वाहतूक पुन्हा बंद पडली.

खडकापेक्षा माती मऊ, मग ती जास्त कठीण का? हा प्रश्न एका माणसाने आयुष्यभर विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत जगाला दिली. त्यांचे नाव कार्ल टर्झागी. मृदा यांत्रिकी या शास्त्राचे ते जनक मानले जातात. आज धरण, पूल, विमानतळ, बोगदा किंवा उंच इमारत बांधण्यापूर्वी जमिनीत भोक पाडून मातीचे नमुने तपासतात. त्या कामामागचे शास्त्र त्यांनी घडवले.

टर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग शहरात झाला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील सैन्यात अधिकारी होते. मुलानेही सैनिक व्हावे म्हणून कार्लला दहाव्या वर्षीच लष्करी निवासी शाळेत घातले. शिस्त कडक होती. पण मुलाचे मन ग्रहताऱ्यांत आणि भूगोलात रमे. पुढे १९०० साली त्यांनी ग्राझ येथील तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. तेथे ते काही आदर्श विद्यार्थी नव्हते. एकदा तर त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्याची वेळ आली होती! मात्र आवडीच्या विषयात ते स्वतःला विसरून जात आणि हा विषय होता भूविज्ञान. १९०४ साली ते पदवीधर झाले. त्यानंतर वर्षभर सक्तीची लष्करी सेवा करावी लागली. हा काळही त्यांनी वाया घालवला नाही. रानावनात जाऊन खडक व माती कशी पाहावी, हे सांगणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाचे त्यांनी या काळात जर्मन भाषेत भाषांतर केले.

मग नोकरी लागली व्हिएन्नाच्या एका कंपनीत. ही कंपनी जलविद्युत प्रकल्प बांधत असे. क्रोएशियात, रशियात कामे करताना तरुण टर्झागी यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. लोखंडी तुळई किती वजन पेलेल, हे अभियंते कागदावर नेमके सांगू शकत होते. पण ज्या मातीवर सगळे उभे राहणार, तिच्याविषयी मात्र अंदाजच चाले. कुठे पाया खचे, कुठे भिंत कले, कुठे बांधाखालून पाणी झिरपून बांध वाहून जाई. असे झाले की नशिबाला दोष देत.

१९१२ साली ते अमेरिकेला गेले. तेथे त्या वेळी मोठमोठी धरणे उभी राहत होती. टर्झागी यांची कल्पना सरळ होती. ठिकठिकाणी जाऊन कोणत्या जमिनीवर काय बांधले आणि पुढे त्याचे काय झाले, याची नोंद करायची. पुरेशा नोंदी जमल्या की नियम आपोआप सापडेल. सुमारे दोन वर्षे ते फिरले, ढीगभर अहवाल गोळा केले आणि हाती निराशा आली. कारण नोंदींत मातीची नुसती नावे होती. एका जागच्या अहवालातली मऊ चिकण माती आणि दुसऱ्या जागची मऊ चिकण माती यांचा एकमेकींशी काही संबंधच नसे. एक पाया धरून ठेवी, दुसरी पाया गिळून टाकी. नावावरून मातीचा स्वभाव कळत नाही, तो मोजावाच लागतो, हा धडा त्यांना या अपयशातून मिळाला. त्यांचे पुढचे सारे काम या एका धड्यातून उभे राहिले.

इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. टर्झागी सैन्यात अधिकारी म्हणून सर्बियाच्या आघाडीवर गेले. १९१६ साली त्यांना इस्तंबूलच्या अभियांत्रिकी शाळेत प्राध्यापक म्हणून पाठवले गेले. १९१८ साली युद्ध संपले. त्यांचा पक्ष हरला आणि नोकरीही गेली. त्याच शहरात रॉबर्ट कॉलेज नावाची अमेरिकन संस्था होती. तेथे त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. पगार बेताचा, प्रयोगशाळा जवळजवळ नाहीच. मग त्यांनी सिगारची रिकामी खोकी आणि हाताशी मिळेल ते टाकाऊ सामान जमवले व त्यातून उपकरणे तयार केली. खोक्यात वाळू भरायची, तिच्यावर वजन ठेवायचे, तिच्यातून पाणी सोडायचे आणि काय होते ते वहीत टिपायचे. मित्रहो, एका नव्या शास्त्राचा जन्म अशा खोक्यांत झाला, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या प्रयोगांतून त्यांना काय सापडले? आपल्या घरातले उदाहरण घेऊ. श्रीखंडासाठी आई दही फडक्यात बांधून टांगते किंवा त्यावर वजन ठेवते. पाणी एकदम निघून जात नाही, थेंबथेंब गळते. जसजसे पाणी जाते तसतसा चक्का घट्ट होतो आणि आकाराने बसतो. ओल्या चिकण मातीचेही असेच आहे. तिच्यावर इमारत बांधली की सुरुवातीला भार दाण्यांवर न येता दाण्यांमध्ये अडकलेल्या पाण्यावर येतो. पाणी हळूहळू निसटते, भार दाण्यांवर येऊ लागतो आणि माती दबत जाते. चिकण मातीतली छिद्रे फार बारीक, म्हणून या क्रियेला कित्येक वर्षे लागतात. वाळूतून पाणी भरकन जाते, म्हणून ती लगेच दबते. घर बांधून झाल्यावर पाच-दहा वर्षांनी भिंतीला तडे का जातात, याचे एक मोठे कारण असे उलगडले. टर्झागी यांनी नुसते कारण सांगितले नाही, तर किती दबेल आणि किती काळ दबेल, हे काढण्याचे गणितही दिले.

यातच दुसरी महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मातीची ताकद तिचे दाणे एकमेकांवर किती घट्ट टेकलेले आहेत यावर असते. मध्ये पाण्याचा दाब वाढला की दाण्यांची एकमेकांवरची पकड सैल होते. उन्हाळाभर उभी असलेली दरड आषाढात का कोसळते, हे आता तुम्हीच सांगू शकाल. पेडण्याच्या बोगद्यात माती आणि पाणी एकत्र आले आणि मग काय झाले, हे आपण वर पाहिलेच.

१९२५ साली टर्झागी यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने त्यांना बोलावून घेतले. १९२९ साली ते व्हिएन्नाला प्राध्यापक झाले. भूवैज्ञानिक असलेल्या पत्नी रूथ यांची त्यांच्या लेखनात व कामात मोलाची साथ होती. १९३६ साली हार्वर्ड विद्यापीठात मृदा यांत्रिकीची पहिली जागतिक परिषद भरली. टर्झागी तिचे अध्यक्ष होते. दोनच वर्षांनी, १९३८ साली, नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि टर्झागी कायमचे अमेरिकेत गेले. तेथे हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

याच सुमारास शिकागो शहराखाली भुयारी रेल्वेचे काम सुरू झाले. शहर मऊ चिकण मातीवर वसलेले आणि वर उंच इमारती. भुयार खणताना माती आत पिळून येई आणि रस्ता खाली बसे. टर्झागी यांनी तेथे प्रयोगशाळा उभारायला लावली आणि राल्फ पेक या तरुण अभियंत्याला तिच्यावर नेमले. रोज खणलेल्या जागेतून मातीचे नमुने येत, त्यांची ताकद मोजली जाई, वर रस्ता किती बसला हेही मोजले जाई. मोजमाप पाहून पुढची खणण्याची रीत बदलत. आधी तपासा, मग बांधा, बांधतानाही मोजत राहा आणि जमीन काही वेगळे सांगू लागली तर आपला आराखडा बदला, ही त्यांची शिकवण. बोगद्यातल्या मातीचे त्यांनी स्वभावावरून प्रकार पाडले. काही माती उभी राहते, काही थोडीथोडी गळून पडते, काही पिळल्यासारखी आत येते, काही कोरड्या वाळूसारखी धावते, काही चिखल होऊन वाहते, तर काही पाणी पिऊन फुगते. खणणाऱ्या कामगाराला कळेल अशी ही वर्गवारी आहे.

१९४८ साली टर्झागी आणि पेक यांचे मृदा यांत्रिकीवरील पुस्तक निघाले. बोअर खणणाऱ्यांमध्ये प्रचलित असलेली एक साधी चाचणी या पुस्तकामुळे जगभर पसरली. तुमच्या गावात एखादे मोठे बांधकाम सुरू होण्यापूर्वी तीन पायांची घोडी, दोरी आणि लोखंडी वजन घेऊन माणसे आलेली दिसली, तर ती हीच चाचणी करत असतात. भोकाच्या तळाशी एक पोकळ नळी ठेवतात. तिच्यावर ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुनःपुन्हा पाडतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून देतात आणि पुढचे ३० सेंटिमीटर नळी खाली जायला किती ठोके लागले ते मोजतात. वाळूत चारपेक्षा कमी ठोके लागले तर ती फारच सैल, पन्नासपेक्षा जास्त लागले तर अगदी घट्ट. नळीत आलेला नमुना हाताने चोळून पाहतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. मात्र केवळ आकड्यावर विसंबू नये, जागेचे भूविज्ञान जाणून मगच त्याचा अर्थ लावावा, असा टर्झागी यांचा आग्रह होता.

सत्तराव्या वर्षी ते हार्वर्डमधून निवृत्त झाले, पण कामातून नाही. १९५४ साली इजिप्तमधील आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष झाले. पुढे तेथील रशियन अभियंत्यांशी तीव्र मतभेद झाले, तेव्हा १९५९ साली त्यांनी हे मानाचे पद सोडून दिले. कॅनडातील ज्या अवघड धरणासाठी त्यांनी उतारवयात कष्ट घेतले, त्याला १९६५ साली टर्झागी धरण असे नाव देण्यात आले. ते पाहायला ते नव्हते. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

मित्रहो, माती हाताने ओळखणारी माणसे आपल्या भागात पूर्वीपासून आहेत. गणपतीच्या चित्रशाळेतील कारागीर चिकण माती बोटांत मळून ती मूर्तीला चालेल की नाही ते सांगतात. शेतकरी खाजनातली माती आणि भरडातली माती पायांनी ओळखतो. चिऱ्यांच्या खाणीतील कामगाराला जांभा कुठे संपतो आणि खालची मऊ, पांढुरकी-पिवळसर माती कुठे सुरू होते, हे ठाऊक असते. टर्झागी यांनी या हाताच्या ज्ञानाला मोजमापाची आणि नोंदीची जोड दिली. आज आपल्या तालुक्यात रस्ते रुंद होत आहेत, मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आहे, डोंगर कापून घरे बांधली जात आहेत. अशा वेळी मातीची तपासणी हा वायफळ खर्च नाही. माणसांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात.

करून पाहा

१. अंगणातली, शेतातली आणि नदीकाठची अशी मूठभर माती घ्या. (खाणीत किंवा कापलेल्या दरडीजवळ जाऊ नका.) प्रत्येकीत थोडे पाणी घालून मळा आणि पाटावर तळहाताने वळून दोरी करा. चिकण मातीची दोरी तीन मिलिमीटर इतकी बारीक होते, वाळूमिश्रित मातीची त्याआधीच तुटते. अल्बर्ट अॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाची ही चाचणी आजही प्रयोगशाळांत वापरतात.

२. त्याच मातीच्या लहान गोळ्या करून पूर्ण वाळवा आणि बोटांनी चिरडून पाहा. ज्या गोळ्या फुटत नाहीत, त्यांत चिकण भाग जास्त.

३. काचेच्या बरणीत माती व पाणी घालून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू एका मिनिटाच्या आत तळाला बसेल, बारीक गाळ काही तासांत, चिकण कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतील. थर पट्टीने मोजा.

तारीख, जागा आणि जे दिसले ते वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात याच जागांची माती पुन्हा आणा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा.