एक्स्प्लेनर : मोडेमच्या वेगाला नाव देणारे बोदो कोण होते? जुन्या संगणकांची अडचण त्यांना आधीच भेटली होती

भंडारा : डायल-अपच्या काळात ज्यांनी घरच्या फोनलाइनवर इंटरनेट जोडले, त्यांना सेटिंगमधला बॉड रेट हा शब्द आठवत असेल. तो आला एमिल बोदो या फ्रेंच तार कर्मचाऱ्याच्या नावावरून. जुन्या संगणकांना मोडेम जोडताना येणारी अडचण बोदोंना त्याच्या १०० वर्षे आधी भेटली होती.

शेतकऱ्याचा मुलगा, तार खात्यात नोकरी

बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधील एका खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. १८६९ मध्ये ते तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. एका वेळी एकच ऑपरेटर तार वापरतो आणि दोन अक्षरांमधला वेळ वाया जातो, हे त्यांनी हेरले.

१८७४ चे पेटंट

त्यांनी प्रत्येक अक्षराला ५ खुणांचा संकेत दिला. त्यातून ३२ जुळण्या मिळतात. फिरता वितरक एकच तार आळीपाळीने अनेक ऑपरेटरांना जोडून देई. १८७७ मध्ये पॅरिस-बोर्दो मार्गावर ही पद्धत सुरू झाली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

अडचण कुठे होती?

ऑपरेटरपुढे पियानोसारख्या ५ कळा असत. आपली पाळी आली की यंत्र टक् असा आवाज करी. त्याच ठेक्यात कळा दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर चुकले. यंत्राला थांब म्हणण्याची सोय नव्हती. जुळवून घ्यायचे ते माणसाने.

घरच्या संगणकातही तेच

धानाच्या मळणीचे उदाहरण घ्या. यंत्रातून धान धो-धो पडत आहे आणि पोते बदलणारा एकटाच आहे. हात जरा मागे राहिला की धान जमिनीवर. जुन्या पीसीच्या सिरियल पोर्टमधील ८२५० ही चिप आलेला एकच बाइट धरून ठेवू शकत असे. संगणक डिस्कवर लिहिण्यात गुंतला की पुढचा बाइट येऊन आधीचा पुसला जाई. फाइल अर्धवट, स्क्रीनवर भलतीच अक्षरे.

उपाय कोणते निघाले?

• एक्सऑन-एक्सऑफ : डेटाच्या वाटेनेच थांब आणि चालू अशी खूण पाठवायची. पण फाइलमध्येच १९ या मूल्याचा बाइट आला तर तोच थांबण्याचा हुकूम समजला जाई आणि काम अडून बसे.

• आरटीएस-सीटीएस : थांबण्याच्या खुणेसाठी केबलमध्ये वेगळ्या तारा. हा भरवशाचा मार्ग. मात्र केबलमध्ये त्या तारा हव्यात आणि दोन्ही टोकांना हीच सेटिंग हवी.

• १६५५० ए चिप : १६ बाइट साठवण्याची जागा. म्हणजे पोत्याआधी ठेवलेले टोपले.

बॉड म्हणजे बिट नव्हे

सेकंदाला लाइनवरचा संकेत किती वेळा बदलतो, ते बॉड. २४०० बिटचा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडवर चालत असे. प्रत्येक बदलात तो ४ बिट पाठवी.

बोदो २८ मार्च १९०३ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी वारले. त्यांचे नाव वेगाच्या एककाला मिळाले ते १९२० च्या दशकात, त्यांच्या मृत्यूनंतर.