नोंदवहींतील नांव : शंकर आबाजी भिसे

आमच्या शहापूर-मुरबाडकडे बांबू, दोरी व लोखंडाची पट्टी यांतून नवी युक्ति काढणारे हात थोडे नाहींत. परंतु अशी युक्ति बहुधा कर्त्याबरोबरच लयास जाते. कारण ती कोणीं लिहून ठेविलेली नसते. ज्यांनीं आपल्या कल्पना लिहून दिल्या, त्या शंकर आबाजी भिसे यांचें चरित्र म्हणूनच आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईस झाला. ते सरकारी हिशेब-कचेरींत नोकरीस होते. पण त्यांचें चित्त यंत्रांत रमे. सुट्या मालाचें आपोआप वजन करणारें यंत्र त्यांनीं योजिलें व लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें. पुढें ते विलायतेस गेले. तेथें दादाभाई नौरोजींनीं त्यांस साह्य केलें.

पेटंट कसें मिळतें, हें येथें सांगणें अवश्य आहे. कल्पक मनुष्य आपल्या यंत्राचें संपूर्ण वर्णन आकृत्यांसह पेटंट-कचेरीस देतो. तपासनीस तें पूर्वीच्या कृतींशीं ताडून पाहतो. खरोखर नवें ठरल्यास त्यास क्रमांक मिळतो आणि मालकाचें नांव नोंदवहींत चढतें. मालकी दुसऱ्याकडे गेल्यास तेंही नोंदविलें जातें; ठरलेली फी न भरल्यास हक्क बुडतो. ही वही कोणासही पाहतां येते. वर्णन लपविणाऱ्यास संरक्षण नाहीं. उघड करणाऱ्यास तें कांहीं वर्षें मिळतें, आणि मुदत सरतांच कल्पना सर्वांची होते. भिसे विलायतेस गेले तेव्हां तेथें ही मुदत १४ वर्षांची होती. आज आपल्या देशांत ती २० वर्षांची आहे. वस्तूच्या बाह्य रूपाची, म्हणजे डिझाइनची, नोंदवही निराळी असते.

छापखान्याचे खिळे जलद ओतणारें भिसे यांचें यंत्र फार वाखाणलें गेलें. सर रतन टाटा यांनीं त्यासाठीं द्रव्य पुरविलें. तरी व्यापार अपेक्षेप्रमाणें चालला नाहीं. नोंदवही हक्क देते, भांडवल व गिऱ्हाईक देत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत धरावें. भिसे मात्र खचले नाहींत. अमेरिकेस जाऊन ते आपल्या यंत्रांत सुधारणा करीत राहिले; आयोडीनयुक्त औषधही त्यांनीं सिद्ध केलें. न्यूयॉर्क येथें ७ एप्रिल १९३५ रोजीं त्यांचा अंत झाला. सुमारें २०० शोध व ४० पेटंटें त्यांच्या नांवावर सांगितलीं जातात.

धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची कथा आमचे विद्यार्थी जाणतात. भिसे यांनीं आपल्या वांट्याचें पुरून ठेविलें नाहीं. व्यापार बुडाला, पण त्यांनीं लिहून दिलेलीं वर्णनें मागें राहिलीं. विद्यार्थ्यांनींही वहीचीं कांहीं पानें राखून जें सुचेल तें तारीख घालून, आकृति काढून प्रामाणिकपणें लिहावें. आणि पालकांनीं, आमची विनंति आहे, तीं पानें रद्दींत घालूं नयेत.