विश्लेषण : ठिसूळ हाडे आणि रजोनिवृत्तीचे नाते जोडणारे फुलर अल्ब्राइट कोण होते?

साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडणे, पाठीला बाक येणे, उंची घटणे याकडे पूर्वी म्हातारपणाचा भाग म्हणून पाहिले जाई. यामागे ऑस्टिओपोरोसिस हा आजार असतो आणि स्त्रियांमध्ये त्याचा रजोनिवृत्तीशी थेट संबंध आहे, हे १९४०च्या सुमारास अमेरिकी डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी मांडले. आजही या आजारावरील चर्चा त्यांच्या कामापासून सुरू होते.

जडणघडण कशी झाली?

अल्ब्राइट यांचा जन्म १९०० साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे, एका उद्योगपतीच्या घरात झाला. १९२४ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. मधले एक वर्ष त्यांनी व्हिएन्नात विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांच्याकडे हाडांचा अभ्यास केला. बोस्टनच्या रुग्णालयात चयापचयाच्या अभ्यासासाठी खास कक्ष होता. तिथे रुग्णाच्या पोटात किती कॅल्शियम जाते आणि मलमूत्रातून किती बाहेर पडते, याचा काटेकोर हिशेब ठेवला जाई. अंदाजापेक्षा मोजमापावर विसंबणे ही अल्ब्राइट यांची पद्धत इथेच पक्की झाली.

त्यांनी नेमके काय शोधले?

हाडे कमकुवत करणारे वेगवेगळे आजार तेव्हा सरमिसळ करून पाहिले जात. अल्ब्राइट यांनी ते वेगळे केले. ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या आजारात हाडाचा सांगाडा असतो, पण त्यात खनिजे नीट भरत नाहीत. ऑस्टिओपोरोसिसमध्ये मात्र उरलेले हाड रचनेने ठीक असते, फक्त ते कमी झालेले असते. म्हणूनच रक्तातील कॅल्शियम सहसा सामान्य येते. केवळ रक्ताच्या अहवालावरून हाडे मजबूत आहेत असे समजू नये, ते यासाठीच.

असे रुग्ण मुख्यत्वे रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या तरुण स्त्रियांमध्येही हा आजार लवकर दिसे. यावरून इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होणे हे कारण असावे, असे त्यांनी मांडले. इस्ट्रोजेन दिल्यावर शरीराबाहेर जाणारे कॅल्शियम कमी होते, हेही त्यांनी मोजून दाखवले.

आयुष्याची अखेर कशी झाली?

पस्तिशीच्या आसपास त्यांना पार्किन्सन्सने गाठले. हात थरथरू लागले, लिहिणे आणि बोलणे अवघड झाले. तरीही सहकाऱ्यांच्या मदतीने ते रुग्ण तपासत राहिले. १९४८ मध्ये एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह त्यांनी पॅराथायरॉइड ग्रंथी आणि हाडांच्या विकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५६ मध्ये पार्किन्सन्ससाठी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर रक्तस्राव होऊन त्यांची शुद्ध हरपली. पुढची १३ वर्षे, १९६९ मधील मृत्यूपर्यंत, ते त्याच स्थितीत आपल्याच रुग्णालयात होते.

त्यांचे काय टिकले, काय बदलले?

हाड नव्याने तयार होणे मंदावते, हा अल्ब्राइट यांचा मुख्य तर्क होता. हाड झिजण्याचा वेगही वाढतो आणि रजोनिवृत्तीनंतर तोच अधिक महत्त्वाचा ठरतो, हे नंतर स्पष्ट झाले. इस्ट्रोजेनबाबतही सावधगिरी आली. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण घटले, पण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढला. त्यामुळे हे उपचार आता व्यक्तीनुसार तोलून दिले जातात. हाडांची झीज रोखणारी इतर औषधेही उपलब्ध आहेत.

प्रतिबंधासाठी काय करावे?

हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते, म्हणून काळजी मुलींच्या वाढत्या वयापासूनच हवी. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पुरेसे ड जीवनसत्त्व व प्रथिने, चालणे आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आवश्यक आहे. तंबाखू आणि मद्य टाळावे. रजोनिवृत्ती लवकर आली असेल, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘डेक्सा’ तपासणी करावी. तिचा टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी आल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते. हाड मोडेपर्यंत हा आजार सहसा दुखत नाही, त्यामुळे दुखण्याची वाट पाहू नये.