पॅट्रिक गेडीस : शहर पायी वाचायला शिकवणारे शिक्षक

वास्तुकला आणि नगररचना शिकणाऱ्या मुलांना पॅट्रिक गेडीस हे नाव अभ्यासात भेटतं. गंमत म्हणजे गेडीस वास्तुविशारद नव्हतेच, ते होते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक! मग झाडापानांचा अभ्यासक शहरांकडे कसा वळला?

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. बालपण पर्थ शहराजवळच्या टेकडीवरच्या घरात गेलं. वडील निवृत्त सैनिक. त्यांच्याबरोबर बागेत काम करता करता पॅट्रिकला निसर्गाची गोडी लागली. पुढे लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले.

१८७९ मध्ये नमुने गोळा करायला ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टीच गेली. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणं आता शक्य नव्हतं. तेव्हा त्यांचं लक्ष अधिक विस्तृत गोष्टीकडे वळलं. एखादं झाड माती, पाणी, ऊन यांच्याशिवाय समजत नाही. मग माणसाची वस्ती तिच्या जागेशिवाय कशी समजेल?

१८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. दोघांनी चांगली वस्ती सोडून एडिंबरा शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या भागात, जेम्स कोर्ट येथे बिऱ्हाड केलं. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन साफसफाई केली, भिंती रंगवल्या, रिकाम्या जागी बागा फुलवल्या.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरातला एक जुना मनोरा घेतला आणि त्याची शाळाच केली. हा ‘आउटलुक टॉवर’. पाहुण्याला ते आधी थेट वर नेत. तिथल्या अंधाऱ्या खोलीत भिंगांच्या साहाय्याने टेबलावर शहराचं हलतं चित्र उमटे. मग एकेक मजला खाली उतरायचं : आधी एडिंबरा, मग स्कॉटलंड, मग युरोप आणि शेवटी सगळं जग. म्हणजे काय, तर जग समजून घ्यायची सुरुवात आपल्या पायाखालच्या जागेपासून! स्थान, काम आणि लोक या तिन्ही गोष्टी एकत्र बघा, असं ते शिकवत.

१९१४ मध्ये ते भारतात यायला निघाले. त्यांचं शहरांविषयीचं प्रदर्शन वेगळ्या जहाजातून येत होतं. महायुद्ध सुरू होतं. जर्मन युद्धनौका ‘एमडेन’ने ते जहाज बुडवलं. कित्येक वर्षं जमवलेले नकाशे, चित्रं, सगळं समुद्रात गेलं. तरी मित्रांच्या मदतीने नवं साहित्य जमवून १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंच.

भारतात त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. त्या काळी सुधारणा म्हणजे नकाशावर सरळ रेघ मारायची आणि मधे येणारी घरं पाडायची, अशी रीत होती. त्या रेघेखाली येणारी कुटुंबं जाणार कुठे? अशाने एका वस्तीतली गर्दी दुसऱ्या वस्तीत ढकलली जाते, हे गेडीस यांनी दाखवून दिलं. ते स्वतः गल्लीबोळांतून फिरत. पडकी घरं तेवढी काढा, छोटे चौक मोकळे करा, झाड लावा, बाकीची वस्ती राहू द्या, असा त्यांचा सल्ला असे. या पद्धतीला त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेचं नाव दिलं. डासांच्या भीतीने तलाव बुजवू नका, त्यात मासे आणि बदकं ठेवा, असंही ते सांगत.

होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगचं संकट होतं. गेडीस यांनी जाहीर करवलं की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. जिथली घरं जास्त स्वच्छ, तिथूनच जाईल. झालं! लोक कामाला लागले. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचं स्थान मिळालं.

पण हे दिवस त्यांच्यासाठी फार दुःखाचेही होते. १९१७ मध्ये थोरला मुलगा ॲलिस्टर युद्धात मारला गेला. आजारी ॲना यांना ही बातमी सोसणार नाही म्हणून गेडीस यांनी ती सांगितली नाही. थोड्याच दिवसांत ॲनाही गेल्या. तरी गेडीस यांनी काम थांबवलं नाही.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडीस. त्यांचं बोलणं भराभर, दाढीतल्या दाढीत. श्रोत्यांना ते पकडणं अवघड जाई. पण माणसं पारखण्याची नजर अचूक! मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवावं, अशी शिफारस त्यांनी केली. तेच घुर्ये १९२४ मध्ये या विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे भारतातले थोर समाजशास्त्रज्ञ म्हणून नावाजले.

त्यानंतर गेडीस फ्रान्समधील मॉन्टपेलियर येथे राहिले. तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी १९२५ मध्ये केला. १७ एप्रिल १९३२ रोजी मॉन्टपेलियर येथेच त्यांचं निधन झालं.

मुलांनो, आजही विकासाच्या नावाने नकाशावर रेघा मारल्या जातातच. पुढे तुमच्यापैकी कुणी वास्तुविशारद होईल, कुणी अधिकारी होईल. पेन्सिल हातात घेण्याआधी त्या जागेत चालून या. तिथे कोण राहतं, काय काम करतं, पाणी कुठून येतं, सावली कुठे पडते हे विचारा. जागा नीट समजली, की काय पाडायचं यापेक्षा काय राखायचं हे आधी दिसतं.

उपक्रम : या रविवारी आपल्या गल्लीचा नकाशा चालत चालत काढा. त्यात झाडं, नळ, विहीर, दुकानं आणि लोकांच्या बसण्याच्या जागा दाखवा.